विटेच्या जागी पुस्तक

५ सप्टेंबर

चि. मुंगूस हिस आजीचे अ. उ. आ. वि. वि.

मी खुशाल आहे. गुडघा त्याच्या मर्जीने आहे. तुझ्या त्या डोंगरात आठवड्यातून दोनदाच शिध्याच्या ट्रकबरोबर टपाल येतं, म्हणून सगळं एकदमच लिहिते. फोन करू नकोस. फोनवर मला नुसती घुंगघुंग ऐकू येते आणि मी आपली हो हो म्हणत बसते. मागच्या खेपेला कशाला हो म्हटलं ते मला अजून माहीत नाही. शिवाय साठाव्या वर्षी लिहायला शिकले ते काय नुसती सही करायला? तू तिथे रस्त्याची मोजणी कर, मी इथे पानं भरते.

तर बातमी अशी, की तुझा डबा जोरात चाललाय! जाताना तू समजावलंस तेव्हा मनात म्हटलं होतं, हा रिकामटेकड्यांचा उद्योग. डबा लपवायचा, त्याचा ठिकाणा कोड्यात घालून मोबाइलवर टाकायचा, आणि कुठकुठच्या लोकांनी तो शोधत यायचं, आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तिथे ठेवून चालू पडायचं. जिओकॅश का काय ते. बक्षीस नाही, चहा नाही. पण अगं, माणसं येतात! मागच्या गल्लीत वाचनालयाच्या भिंतीसमोर उभी राहतात, मान वर करून विटा मोजतात, बोटं नाचवतात, चुकतात, पुन्हा पहिल्यापासून. मी समोर माझ्या खिडकीत भाजी निवडत तोंड मिटून हसते. कुणी अगदीच वाट चुकलं तर खोकते. दोनदा खोकले की पाण्याच्या पाइपामागे बघायचं, हे आता त्यांच्यातही माहीत झालंय म्हणे.

तू कोड्यात थोडक्यात लिहिलंस ते मी येणाऱ्याला ऐसपैस सांगते. की आपली माणसं बोटीने इथे आली ती वीटभट्टीवर. अक्षरओळख कुणालाच नाही. कुणाच्या विटा कुणाच्या ते कळावं म्हणून प्रत्येक घराचा एक छाप, विटेच्या आखूड बाजूला मारलेला. मासा, कात्री, कंदील, घुबड. आणि या वाचता न येणाऱ्यांनी सगळ्यांत आधी बांधलं काय, तर वाचनालय! प्रत्येक घराने मागच्या भिंतीत आपल्या विटा घातल्या, छाप बाहेर दिसेल अशा. ज्यांना नाव लिहिता येत नव्हतं त्यांचं ते नाव. हे सांगून झालं की समोरचा पुन्हा एकदा भिंतीकडे बघतो, आणि मग आम्ही चहा पितो.

गेल्या गुरुवारी एक बाई आली, माझ्याच वयाची, मुलाच्या हाताला धरून. तिच्या आजोबांचा छाप घुबड. कोडं मुलाने सोडवलं, पण घुबड सापडल्यावर बाईने भिंतीला हात लावला आणि अशी रडली, की मला माझी भाजी खाली ठेवावी लागली. वीट मुळातच हलत होती, पडायला आलेल्या दातासारखी. मी उलथनं आणलं. दोघींनी मिळून ती काढली. बाईने ती पदरात गुंडाळली, तान्ह्या बाळासारखी, आणि मला मिठी मारली. तिची वीट, तिच्या घरी गेली. कुणाचं काय बिघडलं?

भगदाड मात्र वाईट दिसत होतं. तेव्हा माझ्या डोक्याने कमाल केली. वाचनालयाच्या मास्तरांनी कसर लागलेल्या पुस्तकांची दोन पोती रद्दीत द्यायला माझ्याकडे ठेवली आहेत. त्यातलं कायद्याचं एक जाडजूड घेतलं, मेणकागदात गुंडाळलं, लाल रंग दिला आणि ठोकून बसवलं. माप बरोब्बर! बाइंडरची बायको आहे मी, मला पुस्तक बांधायला कुणी शिकवायला नको. मास्तर रोज तिथून जातात, त्यांना पत्ता नाही.

आणि शेवटी मोठी गोष्ट. तीस तारखेला, रविवारी, वाचनालयाची शंभर वर्षं. वाचन-दालनात सभा, चाळीसेक माणसं, आणि त्यात मी उभी राहून एक पान वाचणार. सगळ्यांसमोर. मास्तर वाचनालयाचे सेक्रेटरी असले तरी माझे मास्तरच. मला अ आ इ शिकवणारा माणूस, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण छडीसारखा ताठ. रोज अर्धा तास तालीम घेतात आणि मी जोडाक्षराला अडखळले की चष्मा काढून पुसतात.

लोभ आहेच, तो तसाच उबदार ठेव.

तुझी आजी


१० सप्टेंबर

ती. आजी हिस, मुंगसाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र ट्रकमधल्या कांद्यांच्या पोत्याखाली सापडलं, म्हणून वास तिखट येत होता. तुझा मजकूरही तसाच. आमच्या मुकादमांना मी खोकल्याचा भाग वाचून दाखवला. ते म्हणाले, अशी एक आजी आमच्या मोजणीवर पाठव, खुंट्या सापडत नाहीत तेव्हा खोकायला.

तू सभेत वाचणार हे वाचून मी तंबूबाहेर जाऊन एक चक्कर मारून आले. आजोबा असते तर पहिल्या रांगेत बसून सगळ्यांना सांगत सुटले असते की ही माझी बायको. मला त्या दिवशी यायला मिळणं अवघड आहे. घाट पावसाने दोनदा बंद झाला. पण त्या वेळेला मी इथे उभी राहीन आणि तू वाचतेस असं धरून चालेन.

आता एक विचारते, रागावू नकोस. टेकडीच्या टोकावर मोबाइल लागतो. काल तिथे चढून मी खेळाचं पान उघडलं. खाली लोकांनी लिहिलेलं असतं ना, त्यात एकाने लिहिलंय की कोडं सोडवा, समोरच्या आजींना भेटा आणि आपल्या घरची वीट घेऊन जा. त्याच्याखाली अजून तिघांनी आभार मानले आहेत.

आजी, तू घुबडाची एकच दिलीस ना? नक्की किती गेल्या, आणि भिंतीच्या कोणत्या भागातल्या, ते मला नीट कळव. खेळाचा नियम असा आहे की डब्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, हे मी तुला सांगायला हवं होतं. माझीच चूक. आणि भिंतीत काही वेगळं दिसतंय का, तेही लिही. उगाच विचारतेय, कामाची सवय.

गुडघ्याला तेल लाव. पायऱ्या चढताना कठड्याला धर.

लोभ आहे तसाच राहो.

तुझी,
मुंगूस


१४ सप्टेंबर

चि. मुंगूस हिस अ. उ. आ. वि. वि.

अगं केवढी काळजी! तू लहानपणी प्रत्येक बिळात हात घालायचीस म्हणून तुझं नाव मुंगूस पडलं, आणि आता मलाच विचारतेस हात कुठे घातलास म्हणून.

एक नव्हे, सतरा. माझ्या हिशेबात एकही चूक नाही, कारण ज्याने नेली त्याने डब्यातल्या वहीत आपला छाप काढून सही केलीय. मासा, कंदील, कात्री दोनदा (दोन भाऊ आले होते, एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून दोन वेगळ्या दिल्या), फणी, कुलूप, बदक. बदकवाले तर सात तास गाडी चालवून आले. त्यांच्या घरात आजोबांचा एक फोटोसुद्धा नाही. त्या माणसाने वीट मांडीवर ठेवली आणि मला विचारलं, आजोबांचा हात लागला असेल का हिला? मी म्हटलं, लागलाच असेल. तू सांग, अशा माणसाला नाही म्हणायला मी काय दगड आहे?

बहुतेक मधल्या पट्ट्यातल्या, माझ्या छातीपासून वर, स्टुलावर चढून हात पोचेल तिथवर. सोयीचं पडतं. घुबडानंतरच्या दोन-तीन जड गेल्या, छिन्नी लागली. आता मात्र हाताने ओढलं तरी येतात, लोण्यातून सुरी यावी तशा. भिंतच म्हणते आहे बघ, की घेऊन जा. पुस्तकांचं एक पोतं संपलं, दुसरं निम्म्यावर आलं.

भिंतीत वेगळं म्हणशील तर विशेष काही नाही. पावसाने पुस्तकं फुगली, म्हणून दोन-तीन बाहेर डोकावतात, ती मी परत ठोकते. पाण्याच्या पाइपाची वरची पट्टी आपोआप तुटून पडली आणि पाइप असा काही तिरका झालाय की तुझा डबा आता ओढल्याशिवाय निघत नाही. वाचन-दालनाचं दार घासतं. मास्तर म्हणतात, दमट हवा. भिंतीकडची खिडकी आहे ना, तिची काच कुणी हात न लावता तडकली, अगदी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, रेघ मारल्यासारखी. वरच्या माळ्याची, जिथे जड पुस्तकांची कपाटं आहेत, त्याची फळी आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट पडलीय. तिथून वारा येऊन तालमीच्या वेळी माझी मान धरते, म्हणून मी वर्तमानपत्र कोंबलं. दोन दिवसांनी बघते तर कागद खाली पडलेला. पुन्हा कोंबला, या वेळी दुप्पट. आणि उंदीर झालेत बाई. भिंतीच्या पोटातून कुटकुट ऐकू येतं, कुणी बिस्किटं मोडतंय असं. मांजरीला तिथे नेऊन सोडलं तर ती मला ओरबाडून पळाली. एवढी आळशी मांजर मी जन्मात पाहिली नाही.

माझं पान आता पाठ झालंय. मास्तर म्हणतात पाठ म्हणायचं नाही, वाचायचं, डोळे कागदावर ठेवायचे. माझी खुर्ची त्यांनी भिंतीला लागून, अगदी मधोमध मांडलीय, म्हणजे सगळ्यांना मी दिसेन. मला नवं लुगडं घ्यावं की आहे तेच नेसावं, ते उलट टपाली कळव. ही महत्त्वाची गोष्ट आहे.

लोभाचं काय सांगू, तो तुला पुरून उरेल.

तुझी आजी


१९ सप्टेंबर

ती. आजी,

सा. न. वि. वि. हे पत्र दोनदा वाच. मग कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घे.

तिथे उंदीर नाहीत.

मी विटेचा छाप कोड्यात घातला, पण तो आखूड बाजूला का आहे याचा विचार मी, मोजणीवाल्या बाईने, एकदाही केला नाही. ती भिंत एक नाही, आजी. दोन पातळ भिंती पाठीला पाठ लावून उभ्या आहेत, एक गल्लीकडची, एक दालनाकडची. लांब बाजूने ठेवलेल्या विटा आपापल्या भिंतीतच संपतात. छापाच्या विटा आडव्या आहेत, या भिंतीतून त्या भिंतीत गेलेल्या. दोघींना एकत्र धरणारे हात तेवढेच. त्यातले सतरा तू मधल्या पट्ट्यातून काढलेस आणि तिथे ओली पुस्तकं ठेवलीस. आता विटा सहज निघतात, कारण भिंती एकमेकींपासून सुटताहेत. आतली भिंत दालनाकडे सरकतेय. त्यावर माळा टेकलाय आणि माळ्यावर कपाटं.

तुला दोष देत नाही. मी खेळ मांडला नसता तर यातला कुणी आलाच नसता. दोष नंतर वाटून घेऊ. आधी माणसं.

मी मास्तरांना फोन केला. तुझं नाव घेतलं नाही, एवढंच सांगितलं की भिंत धोक्याची वाटते, तपासून घ्या. ते हसले. म्हणाले, शंभर वर्षं उभी आहे आणि तुला डोंगरातून बसल्या बसल्या धोका दिसला? आजीला सांग, तालमीला वेळेवर ये. मग फोन तुटला. तिथल्या बांधकाम कचेरीलाही मी तक्रार पाठवली. उत्तर आलं की तक्रार मिळाली, क्रमाने पाहणी होईल.

तू एक कर. माळ्याच्या खिडकीतून गल्लीत एक दोरा सोड, खाली वजन बांध. दोरा सरळ लोंबेल, भिंत सरळ नसेल. मधल्या पट्ट्यात भिंत फुगून दोऱ्याला बाहेर ढकलेल, तेव्हा खाली दोरा आणि भिंत यांच्यात किती बोटं मावतात ते मोज. दोन दिवसांनी पुन्हा मोज. वाढलं असेल तर त्याच क्षणी मास्तरांकडे जा आणि विटांचं सगळं सांग. त्यांचा विश्वास बसत नसेल तर एक पुस्तक काढून त्यांच्या हातात दे. आणि काही झालं तरी तीस तारखेला त्या दालनात कुणी बसता कामा नये. तू तर नाहीच नाही.

आहे तेच लुगडं नेस. पण घरी.

तुझी,
मुंगूस


२३ सप्टेंबर

चि. मुंगूस हिस आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. दुसऱ्याकडून वाचून घे म्हणालीस, ते केलं नाही. असलं काय वाचायला देऊ कुणाला? स्वतःच तीनदा वाचलं. जोडाक्षरं बरीच होती, पण एकीलाही अडखळले नाही. मास्तर असते तर चष्मा पुसला नसता.

दोरा सोडला. खाली वरवंटा बांधला. शुक्रवारी चार बोटं भरली. आज, रविवारी, साडेचार बोटं. पण माझी बोटं सुजलेली असतात ग, पावसाळी हवेत तर फारच, तेव्हा त्या अर्ध्या बोटाचं काय खरं धरायचं.

काल मास्तरांना सांगायला म्हणून गेलेच होते. बरोबर पिशवीत एक पुस्तकही काढून घेतलं होतं, तू म्हणालीस तसं. गेले तर ते शिडीवर चढून दालनाला स्वतः रंग देत होते. मला बघून खाली उतरले, हात पुसले, आणि आमंत्रणाचा छापील कागद दाखवला. त्यात माझं नाव आहे, मुंगूस. छापलेलं. मी आयुष्यात माझं नाव छापलेलं पाहिलं नव्हतं, नाव छापावं असं मी काही केलंच नव्हतं. मास्तर म्हणाले, तीस वर्षं सेक्रेटरी आहे, माझ्या कारकिर्दीत एक काम धड झालं असेल तर ते हे, की तुम्हांला वाचायला शिकवलं. मग मी काय सांगणार होते? की त्याच वाचनालयाची भिंत मी उलथन्याने पोखरली, आणि ती पण त्यांच्याच रद्दीतल्या पुस्तकांनी बुजवली? पिशवी तशीच घेऊन परत आले. पुस्तक पुन्हा भोकात बसवायला गेले तर बसेना. भोक लहान झालंय.

अगं, एकच तर तास आहे. शंभर वर्षं काढली तिने, एक तास काढणार नाही? सभा झाली की त्याच संध्याकाळी मी मास्तरांना सगळं सांगेन, शप्पथ. हवं तर माझी खुर्ची भिंतीपासून पुढे ओढते. विटा द्यायच्या मी बंद केल्यात. काल एक जोडपं आलं, तराजूचा छाप शोधत. मी खोकले नाही.

कुणाला कळवू नकोस. एवढं म्हातारीचं ऐक.

राग धरू नकोस, धरलास तरी लोभ सोडू नकोस.

तुझी आजी


२७ सप्टेंबर

आजी,

तुझं पत्र आत्ता मिळालं. अर्धं बोट म्हणजे अर्धं बोटच. तुझी सूज नाही.

मी निघतेय. ट्रक भरतोय तेवढ्यात हे लिहिते. घाट उघडलाय पण पलीकडचा पूल बंद आहे, वळसा घालून मला पोचायला एक तारखेची संध्याकाळ होईल. रविवार हुकतोय. माझ्याआधी हे पत्र पोचावं म्हणून मुकादम ते दोरावरून पुलापलीकडच्या ओळखीच्या ड्रायव्हरकडे धाडताहेत, माणूस तसा जाऊ शकत नाही; तो तुझ्या हातात देईल. तो समोर उभा असेल तेव्हाच वाच.

खेळ मी बंद केला. पानावर लिहिलं की डबा काढलाय, कुणी येऊ नये.

मास्तरांना तीनदा फोन लावला. कुणी उचलत नाही, बहुतेक तयारीत असतील. म्हणजे आता फक्त तू उरलीस. तू सांगितलंस तर ते रागावतील, कदाचित कायमचे. तुझं नाव छापलेल्या कागदाचं काय होईल ते मला माहीत नाही. पण त्या चाळीस जणांना, भिंत कुठे पोकळ आहे हे तुझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही. विटांचं सांग. नुसतं बाहेर या म्हणू नकोस, का ते सांग. का ते कळलं नाही तर माणसं परत आत जातात. मोजणीवर मी हे पाहिलंय.

पाया पडते.

मुंगूस


१ ऑक्टोबर

चि. मुंगूस,

हे टपालात टाकत नाही. तू वाटेत आहेस. दाराच्या कडीला अडकवते, आलीस की आधी हेच हाती लागेल.

ड्रायव्हर शनिवारी दुपारी आला. वाचून होईपर्यंत दारातच उभा राहिला, तू सांगितलं होतंस तसा. मी त्याला म्हटलं, उद्या सकाळी सांगते. त्याने काय करावं? तो गेला.

रविवारी मी लवकर गेले. दालन रंगाच्या वासाने भरलं होतं. भिंतीवर नवा रंग आणि त्या रंगावर, पार वरपासून खालपर्यंत, एक ओली काळी रेघ. मास्तर म्हणाले, रंग वाळताना असं होतं. माणसं यायला लागली. सगळी म्हातारी-कोतारी, काठ्या, नातवंडांचे हात. मला म्हणाली, आज तुमची पाळी, आजी. कुणी माझ्या लुगड्याचं कौतुक केलं. मी मास्तरांच्या बाजूला तीनदा गेले आणि तीनदा परत आले. मग माझं नाव पुकारलं. मी उठले, कागद उघडला, आणि त्या वेळी वर माळ्यावरून बिस्किटं मोडल्याचा आवाज आला. या वेळी सगळं पाकीटच एकदम मोडावं तसा. कागदावर चिमूटभर लाल भुकटी पडली. मी ती फुंकली, आणि मला कळलं की आता एक तास नाही.

तेव्हा तरी मी सांगायचं होतं. तोंडात आलं होतं ग. पण समोर एवढे चेहरे, आणि मास्तर असे बघत होते, जसा शाळेच्या संमेलनात एखादा बाप आपल्या पोरीकडे बघतो. आणि मी म्हणाले, वाचण्याआधी माझी एक हौस आहे. शंभर वर्षांचा सगळ्यांचा फोटो हवा, पुढच्या पायऱ्यांवर, उन्हात. आत्ता. ऊन गेलं की येणार नाही. मी हट्ट धरला, पाय आपटले म्हण ना. सगळे हसले. म्हणाले, आजीबाई आज नवरी आहेत, ऐका त्यांचं. आणि उठले. एकेक काठी शोधत, एकमेकांना धरत, दाराला धक्का मारत, सगळे बाहेर गेले. मी शेवटपर्यंत थांबले, ओवाळल्यासारखा सगळ्यांच्या मागून हात हलवत. मास्तर सगळ्यांत शेवटी. त्यांचा हात धरून मी त्यांना पायऱ्यांपर्यंत आणलं. एकही जण आत राहिला नाही, मुंगूस. मी डोळ्यांनी मोजलं. मला वाटलं, जमलं. कुणाला न सांगता जमलं.

फोटोवाला माणसं नीट उभी करत होता. मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, या उभ्या राहणार नाहीत फार वेळ, यांचा गुडघा. मधोमध बसवा यांना. आणि माझी खुर्ची आणायला आत गेले.

मी हाक मारली. काय म्हणून हाक मारली तेही आता आठवत नाही. त्यांनी मागे न बघता हात वर केला, हे आणतोच म्हणून.

आवाज फार मोठा नव्हता. एवढी भिंत, एवढा माळा, तेवढी पुस्तकं, पण आवाज कुणी जड पोतं टेकवावं एवढाच. मग दारातून धूळ आली, सावकाश.

दोन तासांनी त्यांना काढलं. श्वास आहे. कंबरेखालचं काय ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. बोललेले नाहीत, डोळे उघडलेले नाहीत. माझी खुर्ची त्यांच्या अंगावर आडवी होती म्हणून छाती वाचली, असं काढणारे म्हणाले.

आज सकाळी कचेरीचे लोक येऊन गेले. त्यांनी ढिगाऱ्यातली लाल पुस्तकं उचलून बघितली आणि माळ्यावरची समजून बाजूला ठेवली. कागदावर लिहिलं, भिंत जुनी, पाऊस. झालं. कुणी काही विचारलं नाही. उलट काल संध्याकाळपासून घराला रीघ लागलीय. म्हणतात, आजींच्या हौसेने चाळीस जीव वाचले. म्हणतात, हिला आतून कळलं. पाया पडतात, मुंगूस. कात्रीवाल्याच्या ज्या बहिणीला काठीशिवाय चालता येत नाही, तीसुद्धा वाकली. मी पाय मागे घेतले तर म्हणाली, बघा किती साधी बाई.

मघाशी इस्पितळात गेले होते. मास्तरांची बायको बाकावर बसली होती. मला बघून उठली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, तुमच्यामुळे बाकीचे तरी वाचले, त्यांनाही हेच समाधान असेल. मी तिच्याशेजारी तासभर बसले. तिने मला थर्मासमधला चहा दिला. मी प्यायले. आणि उठून घरी आले, हे लिहायला, कारण तिला सांगण्याआधी कुणाला तरी सांगता येतं का ते बघायचं होतं. आलं बघ लिहिता. एकही शब्द खोडला नाही.

आता परत जातेय. शनिवारीच काढून आणलेल्या डब्यातली वही बरोबर नेतेय, सतरा सह्यांची. तू घरात थांबू नकोस, हातपाय धू आणि सरळ तिकडेच ये, दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचा बाक. मी त्या बाईच्या समोर बसलेली असेन. सांगून झालेलं असेल, किंवा होत असेल. खेळ तुझा होता असं मध्ये म्हणू नकोस. भिंत जुनी होती असं म्हणू नकोस. तिने मला हाकललं तर मला आत घ्यायला तिची समजूत घालू नकोस. नुसती येऊन जवळ उभी राहा.

लोभ मागायला आज तोंड नाही. तू येतेस, तेवढं पुष्कळ झालं.

तुझी आजी